खिशातल्या नाण्याला विचारून बघ: इजिप्त-सीरियात इस्लाम नक्की कसा पसरला

प्रश्न एका एमए करणाऱ्या मुलीचा आहे. थोडक्यात सांगते ती असं: "सर, इजिप्त, फिनिशिया, कार्थेज, रोमन सीरिया अशा हजारो वर्षांच्या संस्कृती अरबांनी शंभर वर्षांत पुसून टाकल्या असं एकीकडे वाचते, आणि दुसरीकडे वाचते की तिथल्या लोकांनी अरबांचं स्वागत केलं आणि खुशीने मुसलमान झाले. दोन्हीकडचे लोक इतके ठाम बोलतात की काय धरावं कळत नाही. आणि अलेक्झांड्रियाचं ग्रंथालय खलिफा उमरने जाळलं हे खरं का?"

मी गेली तीसेक वर्षं जुनी नाणी बघतोय, म्हणजे ओळखणं, वजन करणं, कॅटलॉग करणं हेच काम, आणि त्यातही सातव्या-आठव्या शतकातली सीरिया-इजिप्तकडची नाणी माझ्या विशेष जिव्हाळ्याची. त्यामुळे माझं उत्तर नाण्यांच्या आणि कागदपत्रांच्या बाजूने येणार, लढायांच्या बाजूने कमी. लढाया नंतरच्या लोकांनी लिहिल्या, बऱ्याचशा दीडशे-दोनशे वर्षांनी. नाणं मात्र त्या दिवशीच्या बाजारात होतं, पावती त्या दिवशीच्या शेतकऱ्याच्या हातात होती.

एका वाक्यात सांगायचं तर राज्य दहा वर्षांत बदललं, सरकारी कारभार बदलायला साठ वर्षं गेली आणि माणसं बदलायला तीनशे, चारशे, काही ठिकाणी त्याहूनही जास्त वर्षं लागली. या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळा गोंधळ होतो तो या तिन्ही एकच समजल्यामुळे.

आधी "पुसून टाकल्या" हे बघू. कोणत्या संस्कृती? फॅरोंचा इजिप्त म्हणत असशील तर अरब यायच्या कितीतरी आधी तो संपलेला होता. हायरोग्लिफमधला आपल्याला माहीत असलेला शेवटचा लेख ३९४ सालचा आहे, फिलीच्या देवळात, आणि ते देऊळसुद्धा सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने बंद करवलं. अरब सेनापती अम्र इब्न अल-आस ६३९ च्या शेवटी इजिप्तमध्ये शिरला तेव्हा तिथे हायरोग्लिफ वाचता येणारा माणूस शिल्लक नव्हता, देश ख्रिश्चन होता, गावोगावी चर्च आणि मठ होते. फिनिशियन कार्थेज तर रोमनांनीच इ.स.पू. १४६ मध्ये उद्ध्वस्त केलं, आणि अरबांनी ६९८ मध्ये जे कार्थेज घेतलं ते त्याच जागेवर रोमनांनी पुन्हा वसवलेलं, मग व्हँडलांनी ४३९ मध्ये घेतलेलं, मग ५३३ मध्ये जस्टिनियनच्या सेनेने परत जिंकलेलं शहर होतं. सीरियातली पाल्मायरा २७२-७३ मध्ये सम्राट ऑरेलियनने मोडली. अथेन्समधली तत्त्वज्ञानाची शाळा ५२९ मध्ये बंद पडली ती ख्रिश्चन सम्राटाच्या हुकमाने. म्हणजे ज्याला आपण "प्राचीन भूमध्य संस्कृती" म्हणतो तिच्यातले जुने देव, जुनी देवळं, जुन्या लिप्या हे सगळं अरबांच्या आधीच गेलेलं, आणि अरबांना जे मिळालं ते ग्रीक बोलणारं ख्रिश्चन रोमन साम्राज्य, तेही अगदी मोडकळीला आलेलं.

मोडकळीला कसं ते सांगतो, कारण याच्याशिवाय तो दहा वर्षांचा वेग समजतच नाही. ५४१ मध्ये इजिप्तच्या पेलुसियम बंदरातून प्लेग सुरू झाला आणि पुढची दोनशे वर्षं तो दर काही वर्षांनी परत परत येत राहिला, शहरं रोडावली, कर भरणारे कमी झाले. त्याच्यावर ६०२ ते ६२८ असं सलग सव्वीस वर्षं रोमन आणि इराणी युद्ध. ६१३ मध्ये इराण्यांनी दमास्कस घेतलं, ६१४ मध्ये जेरुसलेम, ६१९ मध्ये अलेक्झांड्रिया. इजिप्तचं धान्य ज्यावर कॉन्स्टँटिनोपलमध्ये फुकट भाकरी वाटली जायची ते तुटलं. मग रोमन सम्राट हेराक्लियसने जिवाच्या आकांताने सगळं परत मिळवलं, ६३० मध्ये तो स्वतः पवित्र क्रूस घेऊन जेरुसलेमला गेला, आणि सहा वर्षांनी, ऑगस्ट ६३६ मध्ये यार्मुक नदीच्या काठी त्याची सेना अरबांकडून संपली. आता विचार कर, दमास्कसमधल्या एखाद्या साठीच्या दुकानदाराने एका आयुष्यात रोमन, इराणी, परत रोमन आणि मग अरब असे चार मालक बघितले. चौथा मालक कायमचा आहे हे त्याला ६३६ मध्ये कुठून कळणार?

आणि हे अरब कुणी वाळूतून अचानक उगवलेले अनोळखी लोक नव्हते हे पण लक्षात घे. पेट्रा बांधणारे नबातियन अरबच होते, रोमचा सम्राट फिलिप (२४४ ते २४९) अरब होता, सीरियाच्या सीमेवर रोमनांसाठी लढणारे घस्सानी हे ख्रिश्चन अरब होते. खुद्द अरबी लिपी नबातियन लिपीतून आली, ती अरामाइकमधून, आणि ती फिनिशियन लिपीतून. फिनिशिया "पुसला" असं म्हणताना हे आठवावं, कुराण ज्या अक्षरांत लिहिलं गेलं त्यांची पणजी बिब्लॉस आणि टायर या फिनिशियन शहरांची आहे.

लढायांवर मी फार थांबत नाही. पैगंबर ६३२ मध्ये वारले, दमास्कस ६३४-३५ च्या सुमारास पडलं, जेरुसलेम ६३७-३८, इजिप्तमधला बॅबिलोन किल्ला (इराकमधलं बॅबिलोन नव्हे, आजच्या कैरोतला) एप्रिल ६४१, आणि अलेक्झांड्रिया तहाने ६४२ मध्ये रिकामं झालं. ६४५ मध्ये रोमन आरमाराने ते परत घेतलं आणि ६४६ मध्ये पुन्हा गमावलं. अम्र जेव्हा इजिप्तमध्ये शिरला तेव्हा त्याच्याकडे अरबी इतिहासकारांच्याच आकड्याप्रमाणे ४००० च्या आसपास माणसं होती, नंतर कुमक आली. एवढ्या माणसांनी एवढा देश चालवायचा कसा, खरा प्रश्न इथून सुरू होतो.

आणि इथे मला तुला एक पावती दाखवायची आहे. व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात एक पपायरस (इजिप्तचा लव्हाळ्याचा जुना कागद) आहे, तारीख २५ एप्रिल ६४३, म्हणजे अलेक्झांड्रिया पडून वर्षसुद्धा झालेलं नाही. मजकूर काय? अब्दुल्ला इब्न जाबिर नावाच्या अरब सरदाराने हेराक्लिओपोलिसच्या स्थानिक अधिकाऱ्यांकडून, ज्यांची नावं क्रिस्तोफोरोस आणि थिओडोराकिओस अशी अस्सल ख्रिश्चन आहेत, आपल्या सैन्याच्या जेवणासाठी पासष्ट मेंढ्या घेतल्या त्याची पोच. वर ग्रीकमध्ये, खाली अरबीमध्ये. ग्रीक लिहिणारा योहान्नेस नावाचा नोटरी, जो चर्चमध्ये डीकन पण होता, आणि अरबी लिहिणारा इब्न हदीद. अरबी भागात साल फक्त "बावीस" एवढंच आहे, हिजरी (मुसलमानी कालगणनेतलं) बावीस. आपल्याला माहीत असलेल्या सगळ्यात जुन्या तारखेच्या अरबी कागदांपैकी हा एक, आणि तो मेंढ्यांबद्दल आहे!

मी ही पावती विद्यार्थ्यांना दाखवतो तेव्हा सांगतो की हिच्याकडे दोन्ही बाजूंनी बघा. हे स्वागत नाही. परकी फौज दारात आहे आणि पासष्ट मेंढ्या मागतेय, नाही म्हणायची सोय नाही. पण ही लूटसुद्धा नाही, कारण लूट करणारा पावती देत नाही, आणि या मेंढ्या त्या वर्षाच्या करात वळत्या करायच्या असा हिशोब आहे. गावचा जुना कारकून, जुनी भाषा, जुने हप्ते, जुनीच कराची पद्धत, फक्त वर बसलेला माणूस नवा. अरबांनी रोमन सरकार मोडलं नाही, ते भाड्याच्या घरात सामानासकट राहायला गेले म्हण.

आता नाणी. बऱ्याच वर्षांपूर्वी एका खाजगी संग्रहाचं काम करताना माझ्यासमोर तांब्याच्या नाण्यांचा एक ट्रे आला, लेबल होतं "बायझंटाइन, झिजलेली", बायझंटाइन म्हणजे हेच ग्रीक बोलणारं रोमन साम्राज्य. ती सम्राटाची नाणी दिसतच होती, समोर मुकुटवाला चेहरा आणि क्रॉस, मागे मोठं एम अक्षर जे ग्रीक आकड्यांत चाळीस, म्हणजे फॉलिस नावाचं तांब्याचं नाणं दाखवतं. भिंगाखाली एक नाणं फिरवताना कडेला काहीतरी आडवं दिसलं, मी आधी ओरखडा समजलो, मग लाईट तिरका केला आणि अंगावर काटा आला कारण ती अरबी अक्षरं होती. होम्स शहराचं नाणं होतं ते. एका बाजूला ग्रीकमध्ये "कालोन", दुसरीकडे अरबीमध्ये "तय्यिब", दोन्हीचा अर्थ एकच, चांगलं, म्हणजे हे नाणं चालतं, घ्या. त्या ट्रेमध्ये अशी आणखी चार निघाली. दमास्कसच्या नाण्यांवर असंच "जाइझ" म्हणजे चालू असं येतं. सम्राटाचा चेहरा तसाच, क्रॉस तसाच, आणि हे नाणं पाडलंय मुसलमान राज्याच्या टांकसाळीने! इतकंच नाही, यार्मुकनंतरची वीसेक वर्षं सीरियाच्या बाजारात शत्रूच्या, म्हणजे सम्राट कॉन्स्टन्स दुसरा याच्या नावाची तांब्याची नाणी सर्रास येत होती आणि चालत होती, ती तिथल्या मातीत ढिगाने सापडतात. इराणकडेही तेच, चांदीच्या दिरहमवर इराणी राजा खुस्रोचा चेहरा आणि अग्निवेदी तशीच, फक्त कडेला अरबीत "बिस्मिल्लाह".

का बदललं नाही? माझ्या मते साधं कारण आहे, नाणं म्हणजे विश्वास. भाजीवाली जो चेहरा ओळखते तोच घेते. त्या काळातली सिरियाक (अरामाइकचीच एक बोली) भाषेतली एक बखर आहे, मॅरोनाइट ख्रिश्चनांची, तिच्यात लिहिलंय की दमास्कसचा खलिफा मुआविया याने सोन्याचांदीची नाणी पाडली पण त्यांच्यावर क्रॉस नव्हता म्हणून लोकांनी ती घेतली नाहीत. जग जिंकत निघालेला खलिफा आणि त्याचं नाणं बाजार घेत नाही! याच मुआवियाचा एक शिलालेख हम्मात गादेरच्या गरम पाण्याच्या स्नानगृहात आहे, यार्मुकच्याच खोऱ्यात, जिथे पंचवीस वर्षांपूर्वी ती लढाई झाली होती. ६६२ सालचा, संपूर्ण ग्रीकमध्ये, त्यात मुआवियाला "अमीर अल-मुमिनीन" ही पदवी ग्रीक अक्षरांत लिहिलीय, स्नानगृहाची दुरुस्ती केली असं नोंदवलंय आणि लेखाच्या सुरुवातीला चक्क क्रॉस कोरलाय. कोरणारा ख्रिश्चन होता आणि त्याला कुणी थांबवलं नाही.

बदल आला तो खलिफा अब्द अल-मलिकच्या काळात, ६९० च्या दशकात, आणि तो का आला हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मुसलमानांमध्येच आपापसात मोठं युद्ध झालं होतं, मक्केत इब्न अल-झुबैर स्वतःला खलिफा म्हणवत होता, आणि पैगंबर मुहम्मदांचं नाव असलेलं आपल्याला माहीत असलेलं पहिलं नाणं हिजरी ६६ म्हणजे ६८५-८६ चं, ते या इब्न अल-झुबैरच्या पक्षाच्या सुभेदाराने इराणात पाडलेलं आहे. खरा मुसलमान राजा कोण, ही चढाओढ लागली तेव्हा दोन्ही बाजूंना धर्म जाहीरपणे, ठळक अक्षरात मांडायची गरज पडली. जेरुसलेमचा घुमट, ज्याला डोम ऑफ द रॉक म्हणतात, तो ६९१-९२ चा, त्याच्यावरचे लेख पण याच सुरातले, आणि त्यात ख्रिश्चनांना थेट उद्देशून आहे की देवाला मुलगा नाही.

नाण्यांवर हे टप्प्याटप्प्याने कसं उतरलं ते बघायला मिळणं हे माझ्या धंद्यातलं सुख आहे. आधी सोन्याच्या नाण्याच्या मागचा पायऱ्यांवरचा क्रॉस घेतला आणि त्याचा फक्त आडवा दांडा काढला, पायऱ्या तशाच, खांब तसाच, वर एक गोळा. लोकांना साधारण तेच दिसावं पण क्रॉस नसावा. मग ६९३ ते ६९७ च्या दरम्यान सम्राटाच्या जागी खलिफाच उभा केला, लांब केस, दाढी, हात तलवारीच्या मुठीवर. त्याच सुमारास तिकडे कॉन्स्टँटिनोपलला जस्टिनियन दुसरा याने पहिल्यांदा नाण्यावर येशूचा चेहरा टाकला होता, म्हणजे दोन राज्यांमध्ये नाण्यांवरून वादविवाद चाललेला म्हण. आणि मग हिजरी ७७, म्हणजे ६९६-९७, एकदम सगळी चित्रं गेली. चेहरा नाही, खांब नाही, खलिफाचं नावसुद्धा नाही, दोन्ही बाजूंना फक्त अक्षरं, अल्लाशिवाय देव नाही, तो एकटा, त्याला भागीदार नाही. वजन पण बदललं, रोमनांचं सोन्याचं नाणं सॉलिडस साडेचार ग्रॅमच्या आसपास होतं, नवा दिनार ४.२५ ग्रॅम. दोन वर्षांनी चांदीचा दिरहम तसाच झाला. यार्मुकपासून इथपर्यंत साठ वर्षं, म्हणजे दोन पिढ्या.

कारभाराची भाषा पण याच सुमारास बदलली, सीरियात ७०० च्या आसपास, इजिप्तच्या दिवाणात ७०५-०६ मध्ये ग्रीक आणि कॉप्टिक (इजिप्तची स्थानिक भाषा) यांच्या जागी अरबी आली. तोवर दमास्कसच्या तिजोरीचा हिशोब सर्जून इब्न मन्सूर हा ख्रिश्चन माणूस बघत होता, ग्रीक चर्चचा मोठा धर्मपंडित दमास्कसचा जॉन हा त्याच घरातला. आणि दिवाणाची भाषा बदलली की घराघरात काय होतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको, ज्या बापाला मुलाने कारकून व्हावं असं वाटतं तो मुलाला अरबी शिकवतो. धर्म बदलायच्या आधी भाषा बदलली, निदान शहरात तरी, आणि म्हणून आजसुद्धा इजिप्त, लेबनॉन, सीरियातले ख्रिश्चन घरी अरबीच बोलतात.

आता तुझा मुख्य प्रश्न, तलवार की खुशी. इजिप्तच्या कागदांमध्ये मला या दोन्हीपेक्षा तिसरीच गोष्ट जास्त दिसते, ती म्हणजे कर. कुर्रा इब्न शरीक हा ७०९ ते ७१४ इजिप्तचा सुभेदार होता. त्याने अफ्रोदितो नावाच्या वरच्या इजिप्तमधल्या गावाचा अधिकारी बसिलिओस याला पाठवलेली पत्रं १९०१ मध्ये सापडली, ग्रीक, कॉप्टिक आणि अरबी तिन्ही भाषांत. वाचताना घाम फुटतो बघ. कर वेळेवर पाठव, उशीर का झाला, आरमारासाठी खलाशी पाठव, जेरुसलेमच्या आणि दमास्कसच्या मशिदीच्या बांधकामाला मजूर पाठव त्यांच्या शिध्यासकट, आणि पळून आलेले लोक तुझ्या हद्दीत लपलेत त्यांची नावांनिशी यादी दे, लपवलेस तर दंड. कराला कंटाळून माणसं गाव सोडून पळत होती. आठव्या शतकातले प्रवासाचे परवाने पण मिळालेत, अमुक गावचा अमुक, तरुण, गालावर खूण, मानेवर तीळ, याला पोटापाण्यासाठी अमुक ठिकाणी इतके महिने जायची परवानगी. तेराशे वर्षांपूर्वीच्या शेतमजुराचे तीळ आपल्याला माहीत आहेत, कारण त्याच्याकडून कर वसूल करायचा होता.

जिझिया हा डोईकर बिगरमुसलमान प्रौढ पुरुषावर, बायका, मुलं, अगदी म्हातारे यांना सूट. अरबी इतिहासकार इजिप्तचा दर माणशी दोन दिनार सांगतात, प्रत्यक्ष कागदांमध्ये तो माणसागणिक कमीजास्त दिसतो. मुसलमान झालं की तो माफ व्हायला हवा, पण सरकारला पैसा हवा असायचा, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी नवमुसलमानांकडूनही तो घेत राहिले, इराकमध्ये सुभेदार हज्जाजने तर शहरात आलेल्या नवमुसलमान शेतकऱ्यांना परत गावी हाकललं. म्हणजे पहिल्या काळातल्या सरकारला लोकांनी मुसलमान व्हावं याची घाईच नव्हती, उलट महसूल बुडतो अशी तक्रार होती! उमर दुसरा (७१७ ते ७२०) याने धर्म बदललेल्याकडून जिझिया घ्यायचा नाही असा हुकूम काढला, आणि तो हुकूम काढावा लागला यातच सगळं आलं.

मग सगळं शांतपणे झालं का? नाही, आणि हे मी दडवणार नाही. निकिऊचा बिशप जॉन हा विजयानंतरच्या पिढीतला इजिप्शियन ख्रिश्चन, त्याची बखर मूळ भाषेत हरवली, अरबीतून इथिओपियाच्या गीझ भाषेत १६०२ मध्ये केलेलं भाषांतर तेवढं उरलं. तो निकिऊ शहरातली कत्तल सांगतो, रस्त्यात, चर्चमध्ये, बायका-मुलं न बघता मारल्याचं सांगतो, अम्रने इजिप्तवर लादलेलं जू फॅरोने इस्राएलवर लादलेल्या जुवापेक्षा जड होतं म्हणतो. आणि तोच जॉन असंही लिहितो की अम्रने ठरलेला कर घेतला पण चर्चच्या मालमत्तेला हात लावला नाही. एकाच माणसाने दोन्ही लिहिलंय. आज एक गट पहिलं वाक्य उचलतो, दुसरा गट दुसरं, आणि दोघेही त्याच्या पुस्तकाचा अर्धा भाग फाडून टाकतात. मला त्या बिशपबद्दल आदर वाटतो तो यासाठी की त्याने दोन्ही ठेवलं.

"स्वागत" कथेचं मूळ पण इथलंच. इजिप्तचं कॉप्टिक चर्च ४५१ च्या खाल्सीडनच्या धर्मसभेपासून सम्राटाच्या चर्चपासून फुटलेलं, त्यांचा धर्मगुरू बेंजामिन हा रोमन छळामुळे दहाएक वर्षांहून जास्त काळ लपून राहिला होता, आणि अम्रने त्याला अभय देऊन परत बोलावलं. बेंजामिनला आनंद झाला असणार यात शंका नाही. पण त्यावरून सगळा देश आनंदात होता हे काढणं म्हणजे फार लांब उडी झाली, त्याच देशात पुढे ७२५ पासून करावरून कॉप्टिक शेतकऱ्यांचे उठाव सुरू झाले, आणि ८३१-३२ चा नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या बश्मूरचा उठाव इतका मोठा की खलिफा मामून स्वतः इजिप्तला आला आणि तो अत्यंत क्रूरपणे मोडला. त्या उठावात मुसलमान अरबसुद्धा सामील होते हे विसरू नकोस, कर सगळ्यांनाच जड झालेला. त्यानंतर गावाकडे धर्मांतराचा वेग वाढला असं पुढचे अरबी इतिहासकारच सांगतात. अरब येऊन तेव्हा जवळजवळ दोनशे वर्षं झाली होती.

कॉप्टिक भाषा, जी फॅरोंच्याच भाषेची शेवटची पायरी आहे, ती त्यानंतरही शेकडो वर्षं बोलली गेली आणि चर्चच्या प्रार्थनेत आजही आहे. शांपोलियोंने १८२२ मध्ये हायरोग्लिफ उलगडले ते कॉप्टिक येत होती म्हणून. फॅरोंची भाषा ज्या धाग्याने आपल्यापर्यंत पोचली तो धागा मुसलमान राजवटीखालच्या चर्चमध्ये हजार-बाराशे वर्षं टिकून होता.

ग्रंथालयाचं पटकन सांगतो. उमरने "कुराणात असेल तर नको, नसेल तरी नको" म्हणून पुस्तकं हमामात जाळायला लावली ही गोष्ट पहिल्यांदा लिहिलेली सापडते ती १२०० च्या आसपास, म्हणजे साडेपाचशे वर्षांनी. निकिऊचा जॉन, जो कत्तल सांगायला कचरत नाही, तो ग्रंथालयाबद्दल एक अक्षर लिहीत नाही. आणि जुनं मोठं ग्रंथालय तोवर नव्हतंच, सेरापिस देवाचं मंदिर, जिथे त्याची शाखा होती, ते ३९१ च्या सुमारास ख्रिश्चनांनी पाडलं. त्यामुळे हा आरोप सोड.

कार्थेजबद्दल मात्र सांगायलाच हवं कारण तिथे खरंच एक गोष्ट पूर्ण नाहीशी झाली. सीरियात चर्च राहिलं, इजिप्तमध्ये राहिलं, पण उत्तर आफ्रिकेतला लॅटिन ख्रिश्चन धर्म, संत ऑगस्टिनचा, तो संपला. तरी लगेच नाही. अरब सेनापती हस्सान इब्न अल-नुमानने ६९८ मध्ये कार्थेज घेतल्यावर तिथे जी सोन्याची नाणी पडली ती बघ, मजकूर इस्लामी पण भाषा लॅटिन! "इन नोमिने दोमिनी", देवाच्या नावाने, आणि पुढे एका देवाशिवाय देव नाही हेच लॅटिनमध्ये, तेही अक्षरं गाळून, आखडून लिहिलेलं, वाचताना डोळे दुखतात. ७१६-१७ मध्ये स्पेनमध्ये एक दिनार निघाला, एका बाजूला लॅटिन आणि चांदणी, दुसऱ्या बाजूला अरबी. त्यानंतर काहीच वर्षांत सगळं अरबी. असं नाणं हातात घेतलं की वाटतं, टांकसाळीतला तो ठसे खोदणारा माणूस कोण असेल, लॅटिन येणारा, नवा मालक काय सांगतोय ते आपल्या भाषेत जमवायचा प्रयत्न करणारा. आजच्या ट्युनिशियातल्या कैरवानच्या मोठ्या मशिदीत उभे आहेत ते खांब जुन्या रोमन इमारतींचे, आणि त्याच कैरवानमध्ये ख्रिश्चनांच्या कबरींवरचे लॅटिन लेख मिळालेत ते अकराव्या शतकातले. साडेतीनशे वर्षांनी तिथे कुणीतरी आपल्या माणसाच्या कबरीवर लॅटिन लिहीत होतं. इजिप्तसारखे मोठे मठ आणि गावागावात रुजलेली स्वतःची भाषा या चर्चकडे नव्हती, बरेच लोक इटलीकडे निघूनही गेले, आणि माझ्या मते म्हणून ते टिकलं नाही. तलवारीपेक्षा हे कारण मला जास्त पटतं, पण यावर प्रामाणिक मतभेद आहेत.

एक गोष्ट तुझ्या घरातली सांगतो, कारण हा विषय लांबचा वाटतो तेवढा नाही. दिनार हा रोमन "देनारिउस", दिरहम हा ग्रीक "द्राख्मे", तांब्याचा फल्स हा रोमन "फॉलिस", अरबांनी नाण्यांची नावंसुद्धा तिथलीच ठेवली. तोच द्राख्मे दुसऱ्या वाटेने, अरबांच्या कितीतरी आधी, आपल्याकडे येऊन "द्रम्म" झाला, कान्हेरीच्या लेण्यांतल्या नवव्या शतकातल्या दानलेखात तो आहे, आणि त्याचा झाला "दाम". दाम करी काम म्हणतो तेव्हा आपण ग्रीक नाणं मोजत असतो, आणि दिरहम त्याचा सख्खा भाऊ. कंदील हा अरबी "किंदील", तो लॅटिन "कांदेला". लेखणीला आपण कलम म्हणतो तो अरबी शब्द ग्रीक "कालामोस" म्हणजे बोरूवरून आलेला. किल्ल्याचा बुरूज हा अरबी "बुर्ज", आणि त्याच्या मागे बहुतेक भाषा-अभ्यासक ग्रीक "पिर्गोस" दाखवतात.

आता वाचायला कुठून सुरुवात करू असं तू विचारशील, तर आधी चित्रं बघ. हिजरी ७७ चा दिनार आणि त्याच्या आधीच्या वीस वर्षांची नाणी ओळीने मांडलेली बऱ्याच म्युझियमच्या साइटवर फुकट आहेत. मोठं करून बघ, क्रॉसचा दांडा कुठल्या नाण्यावर जातो ते शोध, आणि कॅप्शन नंतर वाच. आणि एक नाणं न चुकता बघ, ब्रिटिश म्युझियममधलं. इंग्लंडच्या मर्सियाचा राजा ऑफा याने आठव्या शतकाच्या शेवटी खलिफा मन्सूरच्या हिजरी १५७ च्या दिनाराची नक्कल करून सोन्याचं नाणं पाडलं. अरबी मजकूर जसाच्या तसा उतरवलाय, कलमा आहे, हिजरी साल आहे, आणि मधोमध लॅटिनमध्ये "ऑफा रेक्स", आणि ते अरबीच्या मानाने उलटं बसलंय, कारण ठसा खोदणाऱ्याला अरबीची वरची बाजू कुठली हे माहीत नव्हतं. शंभर वर्षांपूर्वी दमास्कसमध्ये सम्राटाच्या चेहऱ्याची नक्कल चालली होती कारण बाजार तोच चेहरा ओळखायचा, आणि आता एक ख्रिश्चन राजा खलिफाच्या अक्षरांची नक्कल करतोय, त्याच कारणाने.